कांदेनवमी आणि एक फ्रेंच पुस्तक

॥ श्री ॥

ब्रिस्टल,
आषाढ वद्य द्वितीया, मंगळवार

प्रिय स्वराली,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. फोन असताना सासूबाईंना पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. पण फोनवर मी तुझ्याशी काय बोलते ते तुलाही ठाऊक आहे. तिकडे थंडी आहे का, ईरा जेवली का, अनिशला जरा दे. सहा वर्षं आपण दोघी अशाच बोलतोय, कुणाला नाव ठेवायला जागा नाही इतक्या नीट. पण एक गोष्ट मी सहा वर्षं तुझ्यापासून लपवून ठेवली आहे आणि ती फोनवर सांगायला घेतली तर मध्येच ‘अनिशला जरा दे’ म्हणून मी मोकळी होईन. म्हणून लिहायला बसले. तरी एकदम तिथे पोचणार नाही. आधी बातम्या सांगते, त्या आनंदाच्या आहेत. तू पुस्तकाची मधली पानं गाळून शेवट आधी वाचतेस, चार वर्षं एका घरात होतो आपण, मी पाहिलंय. या वेळी तसं करू नकोस.

पहिली बातमी म्हणजे मी पुस्तकं वाचते. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही ईराला आठवडाभर इथे ठेवलं होतंत, तेव्हा ती मला लायब्ररीत घेऊन गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘आजी, तुझा कार्ड कुठे आहे?’ नाही म्हटलं तर त्या पोरीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बिनचपलेची आले आहे. काउंटरवरच्या बाईंनी पाच मिनिटांत कार्ड करून दिलं. फुकट. फुकट मिळालेली वस्तू न वापरता ठेवणं मला जमत नाही हे तू जाणतेस. आधी ईराचीच पुस्तकं वाचली, मग मोठ्या अक्षरांची. मॅट्रिकला इंग्रजीत मी जेमतेम पास झाले होते, त्यामुळे पहिलं पुस्तक संपायला थंडी उजाडली. पण संपलं. शेवटचं पान झाल्यावर मी ते देवापुढे ठेवलं आणि मगच परत केलं. आता अशी गत आहे की या महिन्यात दूध दोनदा उतू गेलं. हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, ‘स्वराली वाचायची तेव्हा दूध गेलेलं आठवत नाही हं.’ मी ओटा पुसायला घेतला. तू मिक्सरला पुस्तक टेकवून आमटी ढवळायचीस आणि मी पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडे फोडणी वाचून देतात. सगळे हसायचे. तूही हसायचीस. आता आठवतं, तू जरा उशिरा हसायचीस.

लायब्ररीत दर गुरुवारी दुपारी सात जणांचा वाचनगट बसतो. हिलरी नावाची बाई तो चालवते. सत्तरीची, उंच, निवृत्त शिक्षिका, अजून सायकलवर येते. पहिल्या दिवशी तिने केकवरचं फॉइल धुतलं, पुसलं, घडी घालून पिशवीत टाकलं आणि मला वाटलं, हिच्याशी आपलं जमणार. सुरुवातीला ती मला पॅम म्हणायची. मी तिला सांगितलं, माझं नाव लांब आहे पण फुकट आहे, पूर्ण वापर. आता चांगलं खणखणीत ‘प्रमोदिनी’ म्हणते.

जूनमध्ये हिलरीने जाहीर केलं की हा उन्हाळा आपण फ्रान्समध्ये काढायचा, म्हणजे पुस्तकांतून. खेड्यातले बाजार, लांबलचक जेवणं, स्वयंपाकाच्या आठवणी अशी पुस्तकं तिने वाटून दिली, आणि शेवटी जुलैत सगळ्यांनी मिळून फ्रेंच जेवण करायचं ठरलं. मी मनात म्हटलं, झालं, गोगलगायी आणि बेडूक. पण वाचत गेले तसं वेगळंच निघालं. ती माणसं आजची भाजी आजच आणतात. खरबुजाचा देठाकडून वास घेतल्याशिवाय ते पिशवीत टाकत नाहीत, माझे वडील घ्यायचे तसाच. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवला तर त्यांच्याकडे पाप. शिळा पाव दुधात भिजवून गोड करतात, म्हणजे आपल्या फोडणीच्या पावाचं सासर तिकडचं दिसतंय. मुळ्याला लोणी लावून वर मीठ घालून खातात. हे मला कुणी तोंडी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं, पण छापलेलं होतं म्हणून करून पाहिलं. घरचं लोणी होतंच. ह्यांनी एकट्याने अख्खी जुडी संपवली आणि वर विचारलं, चाळीस वर्षं हे कुठे होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ती माणसं दोन-दोन तास जेवतात आणि जेवताना पुढच्या जेवणात काय करायचं यावर बोलतात. मी पुस्तक मिटून ह्यांना म्हटलं, अहो, हे तर आपलेच लोक.

मग तारखेचा घोळ झाला. हिलरीने एकवीस जुलै ठरवली. मी घरी येऊन पंचांग पाहिलं तर एकादशी सतराला. पुढे चार महिने मी कांदा, लसूण, वांगं खात नाही, आणि हिलरीच्या यादीतल्या एकाही पदार्थाचं या तिघांवाचून पान हलत नव्हतं. पुढच्या गुरुवारी मी सांगितलं, मी येईन, फळं खाईन, तुमची मजा बघेन. तिने कारण विचारलं. आता देव चार महिने झोपतो हे माझ्या इंग्रजीत समजावणं म्हणजे काय दिव्य होतं ते तू कल्पनेनेच बघ. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग घरात उरलेल्या कांद्यांचं काय करता? मी म्हटलं, त्यासाठी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी असते. त्या दिवशी भजी, थालीपीठ, झुणका, जे काही कांद्याचं करता येईल ते करायचं आणि टोपली रिकामी करायची. हिलरीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, कांदे संपवायला तुमच्याकडे धर्माने दिलेला दिवस आहे? आणि बाकीच्यांकडे असं बघितलं की जणू इतकी वर्षं तिला कुणी हे कळूच दिलं नव्हतं. तिथल्या तिथे जेवण चौदा जुलैच्या रविवारवर आलं. तो नेमका फ्रेंचांचा राष्ट्रीय दिवस. इथल्या वेळेने नवमी त्या दिवशी दुपारी एकला लागत होती. उदयतिथी सोमवारची हे मला कळतं, पण सोमवारी सगळ्यांना जमत नव्हतं. देवाला सांगितलं, नवमी लागल्याशिवाय पहिला घास कुणाला घेऊ देणार नाही. हिलरी फ्लॅटमध्ये राहते, म्हणून जेवण आपल्या गार्डनमध्ये करायचं ठरलं.

आदल्या गुरुवारी हिलरीने पिशवीतून एक जुनं जाडजूड पुस्तक काढलं. फ्रेंच भाषेतलं, घरगुती स्वयंपाकाचं, कण्याला चिकटपट्टी लावलेलं. तिला फ्रेंच येतं. म्हणाली, आपल्या रस्त्यावरच्या चॅरिटी शॉपमध्ये, लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंत मिळालं होतं, बरीच वर्षं यातूनच करते, पण यात जागोजागी पेन्सिलीने कुणीतरी काहीतरी लिहिलंय, ही लिपी तुला येते का बघ. मी चष्मा लावला. मराठी. बारीक, सरळ अक्षर, शिरोरेघा पट्टीने मारल्यासारख्या. मी एक-एक वाचून इंग्रजीत सांगू लागले. वाइनमधल्या पीचपाशी लिहिलं होतं, ‘वाइनऐवजी कोकमाचं आगळ, साखर दुप्पट. पाहुणे बोटं चाटतात. कशाचं आहे ते सांगू नये.’ चेरीच्या केकपाशी, ‘अंड्याशिवाय करून पाहिला. करू नये.’ वांगी, टोमॅटो, भोपळी मिरचीच्या त्या भाजीपाशी, ‘ही आपल्या भोगीच्या भाजीची मावसबहीण. तीळ घातले तरी शोभतात. फ्रेंचांना कळवू नये.’ सगळे हसत होते, मीही हसत होते, आणि मनात म्हणत होते की ही कोण गुणाची बाई असेल, हिची आपली गाठ पडायला हवी होती. मग पान उलटलं. बटाट्याच्या गार सूपपाशी लिहिलं होतं, ‘ताप होता तरी स्वरालीने दोन वाट्या घेतल्या. इयत्ता तिसरी.’

मी पुस्तक मिटलं. चष्म्याचा नंबर बदललाय असं काहीतरी सांगितलं आणि घरी वाचून आणते म्हणून ते घेऊन निघाले.

तुला आता कळलं असेल. तरी मी सगळं लिहिणार आहे, कारण अर्धं सांगायची माझी सवय याच प्रकरणातून लागली. तुम्ही एडिनबराला गेलात तेव्हा पुस्तकांचा एक खोका मागच्या खोलीत राहिला, देवघराला लागून. श्रावणात मी देवघर आवरायला घेतलं आणि खोक्यातलं वरचं पुस्तक उघडलं. नेमका सोललेल्या सशाचा फोटो, रंगीत. देवाच्या शेजारी इतके दिवस हा होता या विचारानेच मला शहारा आला. ह्यांना म्हटलं, हा खोका आत्ताच्या आत्ता चॅरिटी शॉपमध्ये देऊन या. हे म्हणाले, तिला एक फोन तरी कर. मी म्हटलं, हवी असती तर नेली नसती का? आणखी एक पान उलटलं असतं तर पेन्सिलीचं मराठी दिसलं असतं. मी उलटलं नाही. आणि स्वराली, सगळा दोष त्या सशावर घालणंही बरोबर नाही. मला राग होता. माझा मुलगा गेला आणि नेणारी तू, असा हिशेब मी मनात मांडला होता. नोकरी त्याला लागली होती, हे मी त्यात धरलंच नव्हतं.

मार्गशीर्षात तुझी आई, मनीषाताई गेल्या. पुण्याहून परत आल्यावर तू फोन केलास, ‘आई, माझ्या आईचं एक जुनं फ्रेंच पुस्तक होतं, तुमच्याकडे राहिलंय का हो?’ मी म्हटलं, नाही गं, इथे काही नाही. त्यात अक्षरही खोटं नव्हतं, पुस्तक खरंच इथे नव्हतं. देवापुढे बसून मी सहा वर्षं हेच सांगत आले. तो ऐकून घेतो, पण त्याची मान हललेली मला कधी दिसली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात जाऊन आले. मिळालं असतं तर खोक्यात होतं म्हणून तुला कळवणार होते. ते केव्हाच विकलं गेलं होतं. तू सामान नेणाऱ्या कंपनीला पुन्हा पुन्हा लिहायचीस, अनिश मला फोनवर सांगायचा, ‘अजून शोधतेय ती.’ मी ऐकायचे आणि कोथिंबीर निवडत राहायचे. त्यानंतर तू आलीस की आपल्या स्वयंपाकघरात कधी काही केलं नाहीस. मी म्हणायचे, सुनेला आराम हवा. मला कारण कळत होतं असं नाही, पण विचारायला मी घाबरत होते, हे नक्की.

शुक्रवारी सकाळी पूजा झाल्यावर बसले आणि जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानांवर एकेक टीप उतरवून काढली. पुन्हा हातून काही जायला नको म्हणून. मला फ्रेंचचा गंध नाही, पण तुझ्या आईचं मराठी वाचून पदार्थ करता येतो, इतकं चोख लिहिलंय त्यांनी. फ्रेंच जेवण सगळं मी त्या टिपांवरूनच केलं.

आणि काय झालं ते जेवण. गार्डनमध्ये दोन टेबलं जोडून त्यावर पांढरी चादर घातली. सगळे साडेबारापासून हजर, आणि मी पंचांग हातात घेऊन उभी. घड्याळात एक वाजला तसं हिलरीने विचारलं, ‘लागली का नवमी?’ आणि पहिला घाणा कांदाभज्यांचा निघाला. फ्रेंच जेवणाची सुरुवात भज्यांनी झाल्यावर कुणीही हरकत घेतली नाही, उलट तिसऱ्या घाण्याला रांग लागली. मग मावसबहीण, तीळ घालून. मग दक्षिण फ्रान्सकडचा तो कांद्याचा पाव, पावाच्या पिठावर तासभर परतलेला कांदा पसरून भाजतात तो. मुळात वर मासे असतात, आपण नुसते काळे ऑलिव्ह लावले. सॅलड जेवणानंतर, त्यांच्या रीतीने. चीजची लेबलं मी आधीच वाचून ठेवली होती, वासराच्या जठरातलं काही न घातलेली दोन पास झाली. वाइनच्या ग्लासात कोकमातले पीच. कशाचे आहेत ते मी सांगितलं नाही, आज्ञाच होती तशी. ह्यांनी आठवडाभर पाठ केलेलं ‘बॉन आपेती’, म्हणजे आपलं ‘सावकाश होऊ द्या’, भलत्याच वेळी, सगळ्यांचं जेवून झाल्यावर म्हटलं आणि त्यालाही टाळ्या मिळाल्या. पाच वाजले तरी कुणी उठेना. या देशात पाहुणे जाण्याची वेळ ठरवूनच येतात, पण त्या दिवशी कुणीही घड्याळ पाहिलं नाही. टोपलीत एक कांदा उरला नाही.

तेव्हा हिलरीने विचारलं, मग कुणी लिहिलंय ते कळलं का? मी सांगितलं. सशापासून ‘इथे काही नाही’पर्यंत सगळं. मन भरून आलं की माझं इंग्रजी पळून जातं, म्हणून सावकाश सांगितलं. एरवी इथली माणसं लगेच ‘नेव्हर माइंड’ म्हणतात. तसं कुणीही म्हटलं नाही आणि मला त्याचं बरं वाटलं. हिलरीने पुस्तकावरचे पावाचे कण झटकले, ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, ‘म्हणजे मी इतकी वर्षं नुसती सांभाळत होते तर.’ मग थोड्या वेळाने, चहा घेताना, म्हणाली की ती नेहमी करते त्या वाटाण्याच्या सूपच्या पानाची झेरॉक्स मात्र तिला हवी, पेन्सिलीसकट.

आता जे सांगायला बसले ते. शुक्रवारी टिपा उतरवून काढताना मी त्या कांद्याच्या पावाच्या पानाशी आले. तिथल्या टिपेखाली तारीख आहे, ईरा झाली तेव्हा तुझी आई आपल्याकडे राहायला आली होती त्या दिवसांतली. लिहिलंय, ‘विहीणबाईंना विचारणे. कांदा इतका सोनेरी, एकही तुकडा न करपता, कसा परततात? आज विचारणार होते, पण त्या घाईत दिसल्या. जाण्याआधी शेजारी उभं राहून बघायचंच.’ स्वराली, मी घाईत नव्हते गं. त्या फ्रेंच शिकवणाऱ्या आणि मी मॅट्रिक, म्हणून त्या स्वयंपाकघरात आल्या की मी उगाच घाईत असल्याचं दाखवायचे. तीन महिने ती बाई माझ्या दारात हा प्रश्न घेऊन उभी होती आणि मला वाटायचं, माझ्या चुका बघतेय. त्यांना उत्तर द्यायचं राहिलं, ते मला तुला द्यायचं आहे, म्हणून हे पत्र. पुस्तक पोस्टाने पाठवत नाही. एकदा मी ते हातातून घालवलंय, आता तुझ्या हातातच देईन. उत्तरही लिहून पाठवत नाही, ते शेजारी उभं राहूनच बघायचं असतं, तुझ्या आईने बरोबर लिहिलंय. ईराची शाळा ऑगस्टच्या मध्यावर उघडते ना, त्याआधी या. रागावली असशील तर रागावूनच ये, पण ये. कांदे आणून ठेवते. मी खाणार नाही, पण परतीन, वासाला चातुर्मास नसतो. त्या प्रश्नाखाली दोन ओळींची जागा मोकळी आहे. मी परतते, तू बघ आणि तूच लिही. पेन्सिलीला टोक करून ती पुस्तकात ठेवली आहे.

तुझीच,
या वेळी अजिबात घाईत नसलेली,
आई